भुंग्याचा चातुर्मास

नवस साधाच होता. चंपाषष्ठीपासून अकरा दिवस रोज एक रोडगा आणि वाटीभर भरीत, आणि ते खायचं भुंग्यानं.

शालूबाई हे बोलली तेव्हा तिच्या एकुलत्या एका लेकाचं, नाथाजीचं, तीन महिने पत्र नव्हतं. तो पलटणीत, वर लडाखला. शहात्तर सालचा श्रावण होता. पालीच्या खंडोबापुढं उभी राहून ती म्हणाली, देवा, पोराचं पत्र येऊ दे, तुझ्या कुत्र्याला अकरा दिवस भरीत-रोडगा घालीन. कुत्रं खंडोबाचं, त्याच्या पोटात गेलं की देवाला पोचलं, हे उंब्रजच्या आसपास शेंबडं पोरही सांगेल. दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. बर्फानं पाय सुजला होता, इस्पितळात होतो, आता बरा आहे.

देवानं आपलं काम केलं होतं. आता पाळी शालूबाईची.

चातुर्मासाचे चार महिने तिच्या घरात कांदा, लसूण, वांगं शिजत नसे. चंपाषष्ठीला ही तिन्ही पुन्हा घरात यायची आणि देवाच्या भरतात कांद्याची पात मुठीनं पडायची. नवसाचं म्हणून शालूबाईनं हात आणखी सैल सोडला. पात तर घातलीच, वर दोन कांदे बारीक चिरून घातले, लसूण ठेचला. भुंग्या तिचा कुत्रा, काळाभोर, रानातल्या वस्तीचा राखणदार. पहिले चार दिवस त्यानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. पाचव्या दिवशी अर्धं ठेवलं. सहाव्या दिवशी नुसतं हुंगून तोंड फिरवलं.

"काल निवदात काय कमी केलंस?" थोरली जाऊ धोंडुबाई कुडापलीकडून म्हणाली. "देवाला कळतं हां. हात आखडलेला कळतो."

शालूबाई घाबरली. तिनं भरतात आणखी कांदा घातला, भुंग्याचा जबडा उघडून बोटानं घास आत सारला आणि त्यानं गिळेपर्यंत त्याचा गळा चोळत बसली.

सातव्या दिवशी सकाळी भुंग्या उठलाच नाही. अंगणाच्या कडेला त्यानं लघवी केली होती, ती कोऱ्या चहासारखी काळपट तांबडी. शालूबाई त्याच्याशेजारी बसून राहिली. धोंडुबाईही येऊन उभी राहिली. तेवढ्यात दुधाची बरणी घेऊन शमशेर वाटेनं चालला होता, तो थांबला. पलीकडच्या वस्तीवरचा माणूस. पंधरा वर्षं लष्कराच्या कुत्र्यांच्या पथकात काढून दोन वर्षांपूर्वी घरी आलेला.

शमशेरनं बरणी खाली ठेवली, भुंग्याचा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा दाबला. हिरडी चुन्यासारखी पांढरी होती.

"वैनी, ह्याला काय घालताय?"

"देवाचं."

"देवाचं म्हंजी काय काय?"

तिनं सगळं सांगितलं. कांद्याचं नाव निघालं तसा शमशेर मातीतच बसला.

"माझ्या तोंडनं हे निघू नये," तो म्हणाला. "तुमचा देव, तुमचा नवस. उद्या काय इस्कटलं तर गाव म्हणंल, शमशेरनं मोडला."

"तुमी बोला, शमशेरभाऊ."

"कांदा कुत्र्याला इख हाय. लसूणबी. एका दिवसात मारत न्हाई, आतल्या आत रगत नासवतो."

धोंडुबाईला हसू आलं. "आमची कुत्री जन्मभर आमचं उष्टं खात्यात. एकबी मेलं न्हाई."

"उष्ट्यात कांदा असतो कितीसा, आक्का? चिमूटभर. हितं सहा दिवस वाटी वाटी गेलाय."

"आन् तुमाला लय ठावं."

"मला ठावं हाय," शमशेर म्हणाला. "मेरठला माझी राणी व्हती. बाँब हुंगून काढायची. लंगरात मटणाचा रस्सा उरायचा, कांद्यानं घट्ट झाल्याला. लाडानं आठ दिवस घातला. डाक्टरसायबानं तिची हिरडी दावली ती अशीच पांढरी. वाचली न्हाई. मला कुणी शिक्षा केली न्हाई. करायला पायजे व्हती."

शालूबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं. त्यांना अजून कांद्याचा वास येत होता.

"औषध?" तिनं विचारलं.

"उंब्रजचा गुरांचा डाक्टर सोमवारपातुर रजेवर हाय, मी कालच म्हशीसाठी जाऊन आलो. तवर कांदा-लसूण बंद, मीठ-मसाला बंद. पातळ पेज, उकडल्याली कलेजी, पाणी. जगला तर जगंल."

तो बरणी उचलून निघून गेला. धोंडुबाई मात्र हलली नाही.

"म्हंजी नवस मोडायचा. पाच दिसांसाठी. पोरगं तिकडं बर्फात हुभं हाय आन् तू कुत्र्याचं बघ."

शालूबाई उठून आत गेली. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापुढं बसली. नाथाजीचा सुजलेला पाय तिनं पाहिला नव्हता, तरी तो तिला दिसत होता. बाहेर भुंग्याचा श्वास धापेसारखा चालला होता, तोही ऐकू येत होता. चुलीत निखारे होते, वरच्या माळ्यावर लाल भोपळा होता. ती बराच वेळ त्या भोपळ्याकडं बघत राहिली.

मग तिनं भोपळ्याची फोड काढून निखाऱ्यात खुपसली.

"हे काय करतीस?" धोंडुबाईनं दारातून विचारलं.

"भरीत."

"भोपळ्याचं? बिनकांद्याचं?"

"आक्का, चार महिनं आपून देवाला बिनकांद्याचा निवद दावतो. देव उपाशी ऱ्हातो व्हय?"

"तवा चातुर्मास असतो."

"मग भुंग्याचा अजून सरला न्हाई म्हणायचं."

"असं म्हणायला तुला सांगितलं कुणी?"

"कुणी न्हाई," शालूबाई म्हणाली.

भाजलेला भोपळा तिनं सोलून कुस्करला. मीठसुद्धा घातलं नाही. बाजरीचा लहानसा रोडगा भाजला, तो पाण्यात मऊ करून त्यात मिसळला, देवाला दाखवला आणि बाहेर नेला. भुंग्यानं डोळेही उघडले नाहीत.

संध्याकाळी शमशेर पानाच्या पुडीत काहीतरी घेऊन आला. कलेजी उकडून, वाटून, बाजरीच्या पिठात मळून तव्यावर खरपूस भाजलेल्या नखाएवढ्या वड्या. "पलटणीत काम फत्ते झालं की अशी एक द्यायचो," तो म्हणाला. "दिवसाला तीन-चारच. वडी हा खाऊ हाय, जेवण न्हवं." शालूबाईनं एक वडी भुंग्याच्या नाकाशी धरली. नाक हललं. पुष्कळ वेळानं जीभ बाहेर आली. मग तिनं वडीचा चुरा भोपळ्यावर पसरला आणि तो दोन घास जेवला.

आठवा दिवस गेला, नववा गेला. दहाव्या दिवशी, सोमवारी, डॉक्टरनं येऊन एक सुई टोचली आणि शमशेर म्हणाला तेच सांगितलं. भुंग्या चार पावलं चालला आणि बसला. शालूबाई दिवसातून दहादा त्याचा ओठ वर करून बघायची. हिरडी किंचित गुलाबी दिसते की उन्हाची तिरीप पडली आहे, तिला ठरवता येईना.

अकराव्या दिवशी नवस पुरा व्हायचा होता. असा नवस फिटताना वस्तीवरच्या बायका आपापल्या घरचा नैवेद्य त्याच कुत्र्याला घालायला आणत, सगळ्यांनाच पुण्य. शालूबाईच्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं. सकाळी धोंडुबाई ताट घेऊन सगळ्यांच्या आधी आली. रोडग्यावर वांग्याचं भरीत, त्यात हिरवीगार पात. भुंग्यानं मान वर करून वास घेतला. बरं वाटायला लागल्यामुळं त्याला आता भूक लागत होती.

शालूबाई भुंग्याच्या आडवी बसली.

"आक्का, ताट माझ्याकडं द्या. मी खाते."

"हे तुझ्यासाठी न्हाई. देवाच्या कुत्र्यासाठी हाय."

"त्याला घालू देणार न्हाई मी."

धोंडुबाईनं ताट छातीशी धरलं. "माझ्या घरचा निवद परत पाठवतीस?"

"व्हय."

"उद्या नाथाला काय झालं तर?"

शालूबाई जागची हलली नाही. धोंडुबाई ताट घेऊन वळली आणि मागं न बघता गेली. कुडापाशी वस्तीवरची राहीबाई आपलं ताट घेऊन येताना दिसली. शालूबाईनं भुंग्याच्या गळ्यातली दोरी हाताभोवती आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली आणि राहीबाई जवळ येण्याची वाट बघत बसली.