निधनवार्तेचा चौकोन

मी तापट माणूस, हे आधीच सांगून टाकतो. कोयनानगरला सत्तावीस वर्षं नोकरी केली, रिटायर होऊन साताऱ्यात आलो आणि अठ्ठ्याण्णव साली हौसेनं कोयनेच्या कॉलनीचं ई-मेल पत्र सुरू केलं. कॉलनीतली पोरं बंगलोर, दुबई, अमेरिका अशी पांगलेली. दर रविवारी मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचो: कुणाचं लग्न ठरलं, भूकंपाचा धक्का कवा बसला, कोण गेलं. बघता बघता एकशे चाळीस नावं झाली.

मग माझ्या हातून घाण झाली. आमचे जुने शेजारी दीक्षित गेले. त्यांचा सौमित्र अमेरिकेत. आपल्याकडं असलं कुणी फोनवर एकदम सांगतं का? घरच्यांनी रीतीप्रमाणं "बाबांना जरा बरं नाही, निघून ये" एवढंच कळवलं. पोरगा बॅग भरता भरता माझं पत्र उघडून बसला, आणि त्यात हळदीकुंकवाच्या बातमीखाली बापाचं निधन. त्यानं मला एकच ओळ लिहिली, "माझं नाव काढा." बातमी पसरली. पंधरा दिवसांत आणखी साठ जणांनी नावं काढून घेतली. मला जेवण जाईना. पत्र बंद करायचं मी ठरवूनच टाकलं.

आमच्या गल्लीतली अर्शिया कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, "काका, पत्र कशाला बंद करताय? फॉर्म बदलूया."

नाव नोंदवायचा फॉर्म वेबपानावर होता. नाव आणि ई-मेल, संपलं. क्लासमध्ये तिनं नोटपॅडमध्ये त्या पानाचा कोड उघडला आणि त्यात चार चेकबॉक्स घातले: लग्नकार्य, धक्के, कॉलनीची खबर, निधन. ज्याला जे हवं त्यानं तिथं टिक करायची, त्याला तेवढंच जाणार.

मी बसलो आणि चारही चौकोनांत आधीच टिक करून ठेवली. पाहुणा आला की आपण विचारून वाढतो व्हय? नको असेल तो काढेल.

अर्शिया शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही त्या वेळी पण न विचारताच वाढलंत."

लय झोंबलं. कालची पोर मला शिकवणार! चहा तसाच टाकून घरी आलो. दुसऱ्या दिवशी क्लासवर गेलो तर तिनं सगळे चौकोन रिकामे केले होते, आणि चौथ्यापुढं एक ओळ घातली होती: "इथं टिक केलीत तरच कळवू. तुमच्या घरातलं असेल, तर आधी घरचेच सांगतील."

मी ती ओळ तीनदा वाचली. आख्खी नोकरी मी फॉर्म भरून घेण्यात काढली, पण भरणाऱ्याच्या जिवाचा विचार केलेला फॉर्म उभ्या जन्मात बघितला नव्हता. तिला तसं तोंडावर सांगितलं. ती लाजली.

सोडून गेलेल्यांना एकच पत्र पाठवलं: माफी आणि नव्या फॉर्मचा पत्ता. सौमित्रला सगळ्यात शेवटी पाठवलं. हळूहळू माणसं परतली. चाळीस झाली, पन्नास झाली. मी मात्र रोज एकच नाव शोधायचो.

नवव्या दिवशी ते आलं. तीन चौकोनांत टिक. चौथा चौकोन रिकामा. खाली सूचनेच्या जागेत त्यानं लिहिलं होतं: "काका, आई अजून कॉलनीतच आहे. तिचं कधी काय झालं तर मामा सांगेल. बाकी सगळं पाठवा, धक्केसुद्धा. तेवढंच घरी असल्यासारखं वाटतं."

मी ते अर्शियाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, पण "काका" एवढंच वाचून उठलो आणि खुर्ची तिला दिली. उरलेलं तिनं वाचलं.