वरची मूठ

हेमांगीने सासूचे केस नीट विंचरले, फोनच्या पडद्यावर ती कशी दिसते ते पाहिलं आणि कानाजवळच्या दोन बटा पुन्हा विस्कटल्या.

"आता बरं दिसतंय."

दारात जाळं विणत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, प्रीतमने मान वर केली.

"आयला कशाला बसवतेस फोनसमोर? विचारलंस तिला?"

"विचारलं. न्हाय म्हणाल्या. पण त्या सगळ्यालाच न्हाय म्हणतात."

ते खोटं नव्हतं. झटका आल्यापासून वेणूबाईची उजवी बाजू गेली होती आणि जिभेवर तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी न्हाय, मुलगा घरी आला तरी न्हाय. श्रीवर्धनच्या बाजारात जिच्या तोंडी लागायला भलेभले कचरत, तिची ही गत झाली होती.

बाजारात जवळ्यासारखी सुकी मासळी विकताना वजन पुरं झालं, की वेणूबाई वर एक मूठ टाकायची. "पोरांना घाल गो," म्हणायची. हेमांगीने धंदा फोनवर नेला, तेव्हा ऑनलाइन शिबिरातल्या सरांना ही गोष्ट तिने सहज सांगितली आणि सर हरखलेच. लोक मासळी विकत घेत नाहीत, माया घेतात, म्हणाले. तेव्हापासून अर्ध्या किलोच्या प्रत्येक पाकिटात एक छोटी पुडी जाऊ लागली. तिच्यावर छापलेलं असे, 'आईची मूठ, प्रेमाची भेट'. लोक पुडी हातात धरून फोटो टाकत, आपापल्या आजीच्या आठवणी लिहीत. पुडीतला जवळा त्याच अर्ध्या किलोतून आधीच काढून घेतलेला असे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. वेणूबाईच्याही नव्हतं.

आजारपणात मागणी आटली. प्रीतमची होडी किनाऱ्यावर पडून होती आणि घर या पाकिटांवर चाललं होतं. "आईंना लोकांसमोर आणा, लोक हळवे असतात," असं सरांनी सुचवलं होतं.

लाइव्ह सुरू झालं. पडद्यावर 'आज्जी, लवकर बऱ्या व्हा'ची रांग लागली. समोर जवळ्याची पाटी, शोभेला वजनकाटा, भरलेलं पाकीट आणि शेजारी पुडी.

"आय, ती पुडी पाकिटात टाका."

वेणूबाईने पुडी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. मग डाव्या हाताने पाकीट ओढत तिने काट्यावर चढवलं. लाल आकडा उमटला. अर्धा किलो भरत नव्हता.

तिने सुनेकडे पाहिलं.

"न्हाय."

हेमांगीचं बोट फोन बंद करायला पुढे गेलं आणि तिथेच राहिलं. वेणूबाईने पाटीत हात घातला. डाव्या मुठीतून निम्मा जवळा सांडत होता. आकडा पुरा होईपर्यंत ती भरत राहिली. मग वर आणखी एक मूठ टाकली आणि छापील पुडी ढकलून जमिनीवर पाडली.

"न्हाय," ती थेट फोनकडे पाहून म्हणाली.

प्रीतम उठून उभा राहिला होता. त्याला समजलं होतं. आता लोकांनाही समजणार, सगळा धंदा मातीत जाणार, या धास्तीने हेमांगी पडद्याकडे पाहू लागली.

पडदा लाल बदामांनी भरून गेला. 'रडवलंत आज्जी.' 'हात चालत नाही, तरी माया बघा.' 'पुडीत मावत न्हाय म्हणतायत हो!' पाठोपाठ मागण्या येऊ लागल्या. आकड्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

"आय, लोकांना लई आवडलं," हेमांगी म्हणाली.

रात्री वेणूबाईने पेजेला तोंड उघडलं नाही. प्रीतम बाहेर होडीत जाऊन झोपला. हेमांगीला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण सकाळी उठून तिने मागण्या पाहिल्या.

पुढच्या रविवारी तिने सासूला पुन्हा खुर्चीत बसवलं, बटा विस्कटल्या आणि काट्याचा आकडा फोनमध्ये दिसू नये म्हणून तो वेणूबाईच्या बाजूला वळवला. पुडी ठेवलीच नाही. पाकीट मात्र मुद्दाम कमी भरलं होतं.

वेणूबाईने पाकीट काट्यावर ठेवलं. आकड्याकडे, मग सुनेकडे, ती बराच वेळ पाहत राहिली. कमी वजन तिला बघवत नसे, हे हेमांगीइतकं कोणाला ठाऊक होतं?

वेणूबाईचा डावा हात पाटीकडे गेला.