न फोडलेली सुपारी

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या विघ्नेशच्या फ्लॅटमध्ये त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हॉलभर झेंड्यासाठी सहा रंगांचं कापड पसरलं होतं. विघ्नेश शिलाई मशीनवर बसला होता आणि लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा पीटर खिडकीशी उभा राहून मोर्चासाठी धून बसवत होता. गेले दोन आठवडे हाच उद्योग. एकदा सगळ्यांनी मिळून सिनेमे पाहिले, एकदा अर्नाळ्याला सहल झाली, आणि नाचाची तालीम तर रोजचीच. पुढच्या रविवारी मुंबईत मोर्चा होता. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, तृतीयपंथी आणि त्यांचे सगेसोयरे ऑगस्ट क्रांती मैदानापासून चौपाटीपर्यंत वाजतगाजत जाणार होते.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र वाटत होतं, पोरं गणपतीच्या तयारीला लागलीत. मखराला थर्माकोल हवा का, असं विचारायला ते स्वतः आले. झेंडा बघून त्यांनी विचारलं, हा कुठल्या मंडळाचा? विघ्नेश म्हणाला, आमच्याच. सेक्रेटरी समाधानाने परत गेले.

या सगळ्यांत जास्त हसत होता तो जितेंद्र. कारण ही आपली शेवटची मजा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी गिरीज गावात, त्याच्या घरी, त्याच्या लग्नाची सुपारी फुटायची होती.

जितेंद्रने घरी काही लपवलं नव्हतं. जुलै महिन्यात, असं प्रेम हा गुन्हा नाही, हा दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल पेपरात आला, तेव्हा मोठ्या हिमतीने त्याने वडिलांना, आत्मारामांना, सांगितलं होतं की मला मुली आवडत नाहीत, मी असाच आहे. आत्माराम केळीच्या वाडीत पाणी सोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मुली बघायला सुरुवात केली. आईने अन्न सोडलं. चौथ्या दिवशी जितेंद्र हो म्हणाला.

आपल्याकडे हे औषध फार जुनं आहे. मुलगा दारू पितो, करा लग्न. कामधंदा करत नाही, करा लग्न. डोकं फिरलंय, करा लग्न. हे औषध कडू लागतं ते त्या मुलीला, पण तिची चव कोण विचारतो?

विघ्नेशने त्या शनिवारी मशीन थांबवून त्याला एवढंच विचारलं, "तुझी सुटका नाही म्हणून तिलाही अडकवणार तू?" जितेंद्र पुन्हा नाचायला उठला.

दारात तेवढ्यात प्रेमलता आणि सदानंद उभे होते. प्रेमलता ही जितेंद्रची आत्या, आत्मारामांची थोरली बहीण. सदानंद तिचे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य माणूस. दोघं वरच्याच मजल्यावर राहत. आत्या पोरांसाठी भज्यांचं ताट घेऊन आली होती. ताट ठेवून ती निघाली, पण सदानंद तिथेच रेंगाळले. पोरं कशी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचतात, ते बघत राहिले.

"हे असं उघड करणार तुम्ही?" त्यांनी विचारलं. "दिवसाढवळ्या?"

"दुपारी तीन वाजता, अंकल," पीटर म्हणाला. "बँड लावून."

सदानंद जिना चढून गेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

रविवारी गिरीजच्या घरी ओटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलगी अश्लेषा आपल्या आईवडिलांबरोबर आली होती. बोळिंजच्या शाळेत शिकवणारी, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी मुलगी. चहा झाला, केळीचे वेफर झाले, दोन्ही घरांनी एकमेकांचं कौतुक करून झालं. जितेंद्र खाली मान घालून बसला होता. मुलगा लाजाळू आहे, असं अश्लेषाची आई कौतुकाने म्हणाली.

सुपारी फोडायचा मान घरच्या जावयाचा. आत्मारामांनी तबक सदानंदांपुढे सरकवलं. एकदा का सुपारी फुटली की दिलेला शब्द परत घेता येत नाही, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सदानंदांनी अडकित्ता उचलला, त्यात सुपारी धरली आणि तसेच बसून राहिले.

"भावोजी, मुहूर्त जातोय," आत्माराम म्हणाले.

सदानंदांनी अडकित्ता तबकात ठेवला. "मी नाही फोडणार ही सुपारी. माझी फोडली होती, तेवढी पुरे." त्यांनी बायकोकडे बघितलं. "प्रेमा, तू सांग. सगळं सांग. माझी हरकत नाही."

प्रेमलताने डोक्यावरचा पदर नीट केला.

"मला मूल झालं नाही," ती म्हणाली. "गावाने मला वांझ म्हटलं. आत्माराम, तुझ्या लग्नात तुला हळद लावायला मला पुढे येऊ दिलं नाही, आठवतंय ना? ह्यांनी मला कधी हात लावला नाही. ह्यांना बाई नकोच होती. ते ह्यांच्या आईला ठाऊक होतं, वडिलांना ठाऊक होतं. लग्न केलं की सुधारेल, म्हणाले. मला कोणी विचारलं नाही. अश्लेषा, बाळा, आमचा जितू तसाच आहे. पोरगा वाईट नाही. पण तो तुझा नवरा होणार नाही."

"ताई, तोंड आवर," आत्माराम ओरडले.

"तोंड आवरण्यातच आयुष्य गेलं माझं."

अश्लेषा उठून जितेंद्रसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या आईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. "खरं आहे का हे?" अश्लेषाने विचारलं.

जितेंद्रने आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. "खरं आहे. आत्याने सांगण्याआधी मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

अश्लेषाचे वडील रागाने उठून निघाले. अश्लेषा मात्र थांबली. ती प्रेमलताच्या पाया पडली, मग चपला घालून निघून गेली. आत्मारामांनी बहिणीला, मेहुण्यांना आणि मुलाला पुन्हा उंबरा चढू नका म्हणून सांगितलं. हा संताप मुलगा असा निघाला म्हणून नव्हता. ते तर त्यांना महिनाभर माहीत होतं. चारचौघांना कळलं, याचा होता. दुसऱ्याची लेक फसवताना ज्यांचा हात कापत नाही, त्यांची अब्रू एका खऱ्या वाक्याने जाते. वाचकहो, तुमच्या ओळखीत असं एकही घर नाही?

जितेंद्र आत्याकडे राहायला आला. त्या आठवड्यात विघ्नेशच्या घरचा दंगा दुप्पट झाला. झेंड्याच्या कडा प्रेमलताने हाताने शिवल्या, कारण विघ्नेशची शिलाई तिला पसंत नव्हती. सदानंदांना पोरांनी नाचाच्या दोन स्टेप शिकवल्या. त्यातली एक त्यांना जमली.

रविवारी मैदान भरून गेलं होतं. काहींनी तोंडावर मुखवटे चढवले होते. घरचे टीव्हीवर बघतील अशी भीती त्यांना होती, आणि तरीही ते आले होते. जितेंद्रने मुखवटा घेतला नाही. पीटरने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि वसईचा बँड मुंबईच्या रस्त्यावर असा काही वाजला की बघे फुटपाथवरून खाली उतरले. बसमधून एकाने शिवी हासडली, तर विघ्नेशने त्याला फुलं फेकून मारली. जितेंद्र नाचत होता, आणि आता त्याच्या हसण्यात शेवटची मजा लुटायची घाई नव्हती.

चौपाटीच्या वाटेवर एका वाहिनीची मुलगी माईक घेऊन प्रेमलतापाशी आली. साडीतली, गजरा माळलेली बाई इथे कशी, याचं तिला नवल वाटलं असावं.

"काकू, तुमचा मुलगा आहे का मोर्चात?"

प्रेमलताने सदानंदांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"मुलगा नाही मला," ती म्हणाली. "मी नवऱ्यासाठी आलेय."

सदानंदांनी माईक आपल्याकडे ओढून घेतला. दुसरा हात त्यांनी बायकोच्या खांद्यावर ठेवला.

"ज्यांच्या घरात माझ्यासारखा मुलगा असेल, त्यांनी त्याला बळेच बोहल्यावर चढवू नये," ते म्हणाले. "त्याचं तर वाटोळं होतंच. पण हिने काय पाप केलं होतं? हे टीव्हीवर दाखवा. माझं नाव सदानंद राऊत, राहणार वसई. आणि माझा चेहरा झाकू नका."