उलटवायचे राहिलेले तीन प्रश्न

छकुली झोपली की दीड तास मिळायचा, फार तर पावणेदोन. आज तो वेळ छकुलीच्या आईने बढतीच्या अर्जासाठी राखून ठेवला होता. मुदत शुक्रवारी संपत होती. इतर संशोधकांनी आपल्या निबंधांचा किती वेळा दाखला दिला, असा एक रकाना अर्जात होता. तिचा आकडा पाचशे तीस. त्यातले चारशे बारा एकट्या पहिल्या निबंधाचे. विद्यापीठातल्या तिच्या विभागात त्याला सगळे 'थोरला' म्हणायचे, घर चालवणारा.

बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी कामावर परतलेल्या आयांचं बाळाशी नातं कमी घट्ट जुळतं, असं थोरल्यात म्हटलं होतं.

सकाळी एका अनोळखी विद्यार्थिनीने त्या निबंधासाठी आयांनी भरून दिलेली मूळ उत्तरं मागितली होती. पाठवण्याआधी तिने सहज बेरीज ताडून पाहिली, आणि ती जुळेना. बाराच्या बारा प्रश्नांचे गुण जसेच्या तसे मिळवले, तेव्हा कुठे छापलेला आकडा आला.

प्रश्नावलीत काही प्रश्न मुद्दाम उलटे घालतात, म्हणजे कुणी डोळे झाकून खुणा करत सुटत नाही. बेरजेआधी त्यांचे गुण फिरवायचे, पाचाचा एक, एकाचा पाच. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे ती फळ्यावर घोटून घोटून शिकवायची. थोरल्यातले तीन प्रश्न तसे होते. 'बाळाला कुणी तासभर सांभाळलं की मला हायसं वाटतं.' घरी राहिलेल्या, थकून गेलेल्या आयांनी भराभर 'अगदी खरं'वर खुणा केल्या होत्या. गुण फिरवलेच नाहीत, म्हणून त्यांचा थकवा माया म्हणून मोजला गेला होता. नीट मोजलं तर दोन्हीकडच्या आयांत काडीचा फरक नव्हता.

तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. निबंधावर दुसरं नाव त्यांचंच होतं.

"अगं, दहा वर्षांत चारशे जणांना दिसलं नाही ते तुला आजच दिसायचं होतं?" सर म्हणाले. "बढतीची मुलाखत होऊ दे. मग देऊ सुधारणा. आपल्याकडे चुकीला 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणतात, शेवटच्या परिच्छेदात टाकतात."

एरवी ती हसली असती.

"सर, लोक त्यावर विसंबून राहिलेत."

"लोक निबंध वाचत नाहीत गं. दाखला देतात."

निदान एकीने तरी तो मनावर घेतला होता. ती म्हणजे तिची ताई; छकुलीला सांभाळायला यायची, आत्ता स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. पूर्वी ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, कामाला नाव होतं तिच्या. पहिलं मूल झालं तेव्हा निबंध नुकताच छापून आला होता, आणि धाकट्या बहिणीने तो तिला कौतुकाने वाचून दाखवला होता. पुढच्या आठवड्यात ताईने नोकरी सोडली.

तिने संपादकांना पत्र लिहायला घेतलं. मग संगणक उचलून स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ताईने हातातलं झबलं तीनदा उलगडलं आणि तीनदा त्याची घडी घातली.

"म्हणजे परत गेले असते तरी चाललं असतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"वर्षभर मला कुणी तासभर सुट्टी दिली की इतकं बरं वाटायचं. मग रात्र रात्र लाज वाटायची. तुला म्हटलं नाही कधी. तू शिकलेली ना."

तिने संगणक ओट्यावर ठेवला.

"वाच ते पत्र," ताई म्हणाली. "मला कळेल असं वाच."

तिने सोपं करून वाचलं. "तीन प्रश्नांचे गुण उलटवायचे अनवधानाने राहून गेले..."

"राहून गेले?" ताईने मान वर केली. "आपोआप? दूध उतू जातं तसं?"

"असंच लिहितात गं."

"लिहीत असतील. तू काय केलंस ते लिही."

तिने वाक्य खोडलं. मी तीन प्रश्नांचे गुण उलटवले नाहीत. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. निबंध मागे घ्यावा. एवढंच उरलं.

"बढतीचं काय?"

"हा निबंध गेला की उरले एकशे अठरा दाखले. तेवढ्यावर कोण देतंय! यंदा नाही. पुढेही बघू."

अशा वेळी ताई 'सोड गं, जाऊ दे' म्हणायची, याची धाकटीला सवय होती. ते ऐकायला तिने क्षणभर वाट पाहिली, मग पत्र पाठवलं. सरांना एक प्रत, त्या विद्यार्थिनीला एक.

ताईने पिशवी खांद्याला लावली.

"उद्या येशील?"

"सकाळी कळवते," ताई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि मायेचाही नव्हता. "मला जरा विचार करू दे. या वेळी माझी मी."

दार लागलं. धाकटीने अर्ज उघडला, पाचशे तीस खोडून एकशे अठरा लिहिलं, आणि पुढच्या रकान्याकडे वळली.