दारातली डोणी

विमलाकाकीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. सात वर्षांची नात गौरवी डेंगीने म्हापशाच्या इस्पितळात, मुलगा साईश तिच्या उशाशी आणि चोपड्याच्या घरात काकी एकटी. आठ वाजता साईशचा फोन आला, "आई, प्लेटलेट आणखी उतरल्या." तेव्हापासून तिने अंगण तीनदा झाडलं, लादी फिनेलने दोनदा पुसली. हात थांबला की नको नको ते मनात यायचं.

घर म्हणाल तर आरसा! लादीवर भात वाढून जेवावं. दारात दगडी डोणी, त्यातल्या पाण्याने पाय धुतल्याशिवाय जावयालासुद्धा आत प्रवेश नाही. दारातली डोणी रिती पडली तर घराची बरकत जाते, असं सासूने सांगितलं होतं. काकीने ते तीस वर्षं पाळलं. पाणी खाली गेलं की वरून कळशी ओतायची, झालं.

मग असल्या घरात डेंगी शिरला कुठून? काकीकडे उत्तर तयारच होतं. समोरच्या भाड्याच्या खोलीत सावंतवाडीकडची जानकी राहायची, नवरा टेम्पोवर. खोलीमागे दोन जुने टायर पडलेले. बस्स! काकीने काल आरोग्य केंद्रात तक्रार केली, वर जानकीला दारात उभं करून ऐकवलं, "तुमच्या घाणीपायी माजा चेडू मरणाच्या दारात पडलाहा!" जानकी तशीच आत गेली.

दहाच्या सुमाराला आरोग्य केंद्राचा गौरेश बॅटरी घेऊन आला. काकी त्याला हाताला धरून टायरांकडे घेऊन गेली. टायरांत माती भरून जानकीने अळू लावलं होतं. पाण्याचा थेंब कुठे साचलेला नाही.

"इथे काही नाही, काकी," म्हणत तो परत फिरला, काकीच्या दारात पाय धुवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. बॅटरीच्या उजेडात पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. शेकड्यांनी.

"ही कधी उपसून घासली होती?"

घासायची ती लादी, डोणीत नुसती भर घालायची. अगो बाई! आपल्याच हाताने रोज पाणी घालून आपण हे पोसलं? तिने तांब्या घेतला आणि वेड्यासारखी पाणी उपसून तापल्या अंगणात फेकू लागली. गौरेश म्हणाला, "कडा ब्रशाने घासा, अंडी चिकटून राहतात." तिने नखं दुखेपर्यंत घासलं. तरी चैन पडेना. कालचं ते बोलणं मनातून जाईना.

ती तशीच ओल्या पायांनी जानकीच्या दारात गेली. आत जानकीची चार वर्षांची पोर प्राजक्ता चटईवर निपचित पडलेली, कपाळावर ओली पट्टी.

"रातीपासून ताप इलोहा," जानकी म्हणाली.

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"काय सांगू? तुमी म्हणतलास, घाणीत रवतत म्हणान इलो."

काकीने दाराची चौकट धरली. "तुज्या टायरात कायएक नाय गो. माज्या डोणीतले डास. माजी चूक. ऊठ, गाडी बोलवतंय, म्हापशाक जाऊया."

जानकीने तिच्याकडे पाहिलं. पोरीला खांद्यावर घेतलं आणि काकीच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिली.