सातव्या रूपात अडकलेला मी

मी एक यंत्रमानव बोलतोय. निदान खोक्यावर तरी तसंच छापलं होतं. पाय मुडपले की आगीचा बंब, पाठ उलटी केली की विमान, मग खेकडा, रणगाडा, डायनासोर... एका अंगात सात रूपं! दुकानात असताना मला केवढा ताठा होता.

माझी मालकीण दुसरीतली. सहा रूपं तिला पटापट जमली, सातवं काही केल्या जमेना. मग तिचे बाबा पुढे सरसावले. "आण इकडे, त्यात काय एवढं?" माहितीचा कागद त्यांनी न उघडताच बाजूला सारला. त्यांनी असंच जोडलेलं कपाट अजून भिंतीला टेकून उभं आहे.

कट् असा आवाज झाला आणि मी अडकलो. एक हात कमरेवर, मान पुढे, एक चाक पोटात. धड बंब नाही की धड यंत्रमानव नाही.

"अय्या, आत्या!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली.

बाबा हसून हसून लोळले. त्यांची थोरली बहीण दारात अश्शीच उभी राहते म्हणे. तेव्हापासून मीच आत्या झालो. जेवताना मला पहिला घास, झोपताना उशाशी जागा. मजा होती.

मग खऱ्या आत्याच्या धाकट्याचा वाढदिवस आला. आई बाबांना म्हणाली, "हा नुसता पडून असतो. सरळ करा, त्याला देऊन टाकू." माझ्या पोटात गोळाच आला, आधीच तिथे चाक होतं. मुलगी रडून लाल झाली. बाबांनी मला ओढलं, पिळलं, स्क्रू ड्रायव्हर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच मी हट्टाला पेटलो. तसूभर हललो नाही.

तेवढ्यात दारात आत्या! कमरेवर हात, मान पुढे. "काय रे, काय चाललंय?"

मुलीनं झडप घालून मला पाठीमागे लपवलं आणि हुंदके देत म्हणाली, "आत्या, माझ्या आत्याला नेऊ नकोस ना!"

आत्यानं मला तिच्याकडून मागून घेतलं, निरखून पाहिलं. मग स्वतःचा कमरेवरचा हात हळूच खाली घेतला आणि खो खो हसत सुटली. "आमच्या घरात मी एकटी पुरे आहे. हिला इथेच राहू दे बाई."

हल्ली मी खिडकीत उभा असतो. बाबा अधूनमधून स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्याकडे टक लावून बघतात. तुमची ओळख असेल तर त्यांना एवढं सांगा, मी बिघडलेलो नाही. सहा रूपांत मी खेळणं होतो. या घराशी माझं नातं जडलं ते सातव्यात.