अबोल्यास मुदतवाढ

सुनेने बावीसच्या बावीस नकाशे मुदतीच्या एक दिवस आधी पोचते केले. हे आपण ऐकलंच नाही असं धरू. कारण सोमवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी पहिल्याच नकाशासमोर बसून त्याच पेन्सिलीला चौथ्यांदा टोक काढत होती.

काम एका इस्पितळाच्या सांडपाण्याच्या नळांचं. शुक्रवार हुकला तर नोकरी गेली, असं साहेबांनी लेखीच कळवलं होतं. एडीएचडीची गोळी चालू होती. गोळीने डोक्यातला बाजार जरा उठला, पण हात काही कामाला लागेना. "शेजारी कुणी आपापलं काम करत बसलं, तर काहींना जमतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

रविवारी नवरा बसवून पाहिला होता.

"झालं का?"

"तू विचारतोस आणि होत आलेलंही पळून जातं."

"बरं, गप्प बसतो." तो दोन मिनिटं बसला. "झालं का?"

सोमवारी तो कामावर गेला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे येऊन बसले. त्यांनी महिनाभर अबोला धरला होता. सुनेने त्यांचा रेडिओ दुरुस्तीसाठी उघडला होता आणि उघडाच ठेवला होता. आता ते स्वतःच तो जुळवत होते, मिठाची गुळणी धरून.

दिवसाखेर चार नकाशे झाले. तिला स्वतःचाच संशय आला. मंगळवारी सात.

बुधवारी रेडिओ एकदम गायला लागला. तिची पेन्सिल थांबली. सासऱ्यांनी झटकन बटण दाबलं, चष्म्यावरून तिच्या कागदाकडे पाहिलं आणि घट्ट बसवलेले स्क्रू एकेक करून पुन्हा काढायला घेतले.

तिने मान वर केली नाही. पुढची रेघ मात्र दोनदा खोडावी लागली.

गुरुवारी नकाशे गेले. संध्याकाळी सासरे दोन कप चहा घेऊन आले.

"दमलीस गं?"

"हो, बाबा. सोमवारी आणखी चाळीस येतायत."

"हात्तिच्या! मी आहे की. गप्पा मारत मारत उडवून टाकू."

तिने चहा संपवला आणि कोरा कागद ओढला.

'प्रति, मा. सासरेबुवा. विषय : अबोल्यास मुदतवाढ मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराने रेडिओबाबत केलेला गुन्हा अक्षम्य असल्याने, आपण दिलेली माफी तात्काळ रद्द करून, चाळीस नकाशे पूर्ण होईपर्यंत आपला राग कायम ठेवण्यात यावा.'